पाच तळ्यांची वाट

पिवळ्या पाटीवर अडीच तास लिहिले होते. आम्हाला साडेपाच तास लागले. एका तळ्यापाशी अर्धा तास भांडण्यात गेला, एका ठिकाणी थेपले खाण्यात गेला आणि शेवटच्या चढावर मी चक्क दगडावर बसून राहिले. तरीही आजवर केलेल्या सगळ्या प्रवासात मला हा दिवस सगळ्यात जास्त आठवतो. आपल्या मंडळातले बरेच जण मुलांकडे परदेशी जातात आणि 'आता या वयात डोंगर कुठे चढायचे' म्हणून बर्फाच्या शिखरावर रेल्वेने जाऊन, फोटो काढून परत येतात. त्यांच्यासाठी हा लेख.

आमची लेक झुरिकला असते. मागच्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. तिने आधीच ठरवून ठेवलं होतं की झरमॅटला तीन रात्री राहायचं आणि एक दिवस 'फुन्फ झेन वेग' चालायचा. फुन्फ म्हणजे पाच, झे म्हणजे तळं, वेग म्हणजे वाट. पाच तळ्यांची वाट. साधारण साडेनऊ किलोमीटर, आणि बहुतेक सगळा उतार.

"बाबांना जमेल," लेक म्हणाली.

मी काही बोलले नाही. पण मनात म्हटलं, बघू.

त्याचं कारण सांगायला हवं. अडीच वर्षांपूर्वी ह्यांची अँजिओप्लास्टी झाली. दोन स्टेंट आहेत. तेव्हापासून घरातली सगळी सूत्रं माझ्या हाती आली. स्कूटर विकली. दुसऱ्या मजल्यावरच्या मित्राकडे जाणं बंद केलं. कमाटीबागेत सकाळी दोनच फेऱ्या, त्याही सावकाश. पावागड तर कायमचाच सुटला. लग्नानंतर कितीतरी वर्षं आम्ही माचीपासून पायी चढायचो, दुधिया तलावापाशी दम घ्यायचो आणि मग देवीच्या पायऱ्या चढायचो. आता मी रोपवेने वर जाऊन दर्शन घेऊन यायची आणि हे खाली माचीला चहाच्या टपरीवर बसून राहायचे. ते कधी तक्रार करायचे नाहीत, म्हणून मला वाटायचं की त्यांना पटलंय.

निघण्यापूर्वी आमच्या हृदयरोगतज्ज्ञांना भेटलो. त्यांनी ट्रेडमिलवरची चाचणी केली, रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, "खुशाल जा." मी विचारलं, "पण उंचीवर?" त्यांनी चार गोष्टी लिहून दिल्या. पहिल्याच दिवशी वर जायचं नाही, गावात एक-दोन रात्री राहून मग जायचं. पाणी पीत राहायचं. जिभेखालची गोळी खिशात असू द्यायची, बॅगेच्या तळाशी नाही. आणि चालताना सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला असं समजायचं. हृदयाचे ठोके आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या सुरू असल्या की नाडी फार वाढतच नाही, त्यामुळे घड्याळात दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नका, असंही ते म्हणाले.

मी तो कागद पर्समध्ये ठेवला आणि सोबत बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही घेतला. तो डॉक्टरांनी सांगितला नव्हता.

गाडी नसलेलं गाव

झुरिकहून झरमॅट रेल्वेने साधारण साडेतीन तास. आधी मोठ्या गाडीने फिस्पपर्यंत. वाटेत लोचबर्गचा जवळपास पस्तीस किलोमीटर लांबीचा बोगदा लागतो. तो 2007 साली सुरू झाला. फिस्पला उतरून छोट्या लाल गाडीत बसायचं. ही मीटरगेज गाडी 1891 पासून धावते. चढ फार आला की रुळांच्या मधे दात्यांची पट्टी सुरू होते आणि गाडीखालचं दातेरी चाक त्यात अडकून गाडी वर चढते. उटीच्या गाडीने गेला असाल तर हे दाते ओळखीचे वाटतील. पद्धत तीच आहे, आणि उटीच्या गाडीची वाफेची इंजिनं मुळात स्वित्झर्लंडमध्येच तयार झाली होती. ह्यांची सगळी नोकरी कारखान्यात, यंत्रांबरोबर गेली. ते खिडकीला नाक लावून ते दाते बघत होते. फार दिवसांनी त्यांचा चेहरा असा दिसला.

झरमॅट साधारण 1600 मीटर उंचीवर आहे. तिथे पेट्रोलच्या गाड्यांना बंदी आहे. बाहेरच्या लोकांनी आपली गाडी पाच किलोमीटर अलीकडे टेश गावात ठेवायची आणि रेल्वेने यायचं. गावात विजेवर चालणाऱ्या डबीसारख्या लहान गाड्या फिरतात, त्यांचा आवाज येत नाही. आपण रस्त्याच्या मधोमध चालत असतो आणि मागून एकदम ती येऊन उभी राहते. संध्याकाळी मुख्य रस्त्यावरून शेळ्यांचा कळप गेला. त्यांचं अर्धं अंग काळं, अर्धं पांढरं, जणू पुढून शाईत बुडवून काढल्या आहेत. नातीने त्या मोजायला सुरुवात केली आणि अकराच्या पुढे गोंधळली.

दुसऱ्या दिवशी आराम. डॉक्टरांच्या कागदाप्रमाणे. गावातलं मॅटरहॉर्न संग्रहालय पाहिलं. मॅटरहॉर्न हे 4478 मीटर उंचीचं शिखर या गावाच्या डोक्यावर उभं आहे. 14 जुलै 1865 रोजी एडवर्ड व्हिंपर आणि त्यांचे सहा साथीदार त्यावर पहिल्यांदा पोहोचले. उतरताना एकाचा पाय घसरला, दोर तुटला आणि सातांपैकी चौघे खाली कोसळले. तो तुटलेला दोर संग्रहालयात काचेच्या पेटीत ठेवला आहे. आपल्याकडे विहिरीवर असतो त्यापेक्षाही बारीक. सहा वर्षांनी, 1871 मध्ये, लुसी वॉकर नावाची बाई त्या शिखरावर गेली. शिखरावर पोहोचलेली ती पहिली स्त्री. हे वाचून लेक माझ्याकडे बघून हसली. मी म्हटलं, "मला फक्त तळी दाखव."

पहिलं तळं आणि भांडण

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. जावई आणि नात उशिरा निघणार होते. शेवटच्या तळ्यापाशी मुलांना खेळायला जागा आहे, तिथे ते दोघं आमची वाट बघणार. चालणार आम्ही तिघं.

गावातल्या नदीजवळून डोंगराच्या पोटात एक लांब बोगदा जातो. त्यातून थोडं चालत गेलं की डोंगराच्या आतून वर जाणारी फ्युनिक्युलर लागते. तीन-चार मिनिटांत ती आपल्याला सुनेगाला, म्हणजे 2288 मीटरवर, नेऊन सोडते. तिथून दुसऱ्या पाळण्याने ब्लाउहेर्ड, 2571 मीटर. म्हणजे चढायचं काम सगळं यंत्राने केलेलं असतं, आपण फक्त चालत खाली यायचं. म्हणूनच ही वाट आपल्यासारख्यांना झेपते. रेल्वेचं सवलतीचं कार्ड असेल तर या पाळण्यांचं तिकीट निम्म्या किमतीत मिळतं, ते जरूर विचारा.

ब्लाउहेर्डला बाहेर पडल्यावर गार वारा अंगावर आला. ऑगस्ट असूनही स्वेटर, टोपी आणि वर वाऱ्याचं जाकीट. समोर पिवळी पाटी. स्वित्झर्लंडमध्ये पायवाटेच्या पाटीवर बहुधा किलोमीटर लिहीत नाहीत, वेळ लिहितात. डोंगरात किलोमीटरला काही अर्थ नसतो हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. ती वेळ मात्र न थांबता चालणाऱ्या माणसाची असते. आपण सरळ दुप्पट धरावी. पाटीच्या टोकाला पांढरा-लाल-पांढरा पट्टा असेल तर ती डोंगरी वाट, म्हणजे दगडधोंडे असणार, चांगले बूट हवेत. चपला किंवा देवळात घालून जातो तसले सपाट बूट चालणार नाहीत.

पहिलं तळं स्टेलिझे. वीस मिनिटांचा रस्ता, जवळजवळ सपाट. आम्हाला पस्तीस मिनिटं लागली.

काय सांगू! तळं मोठं नाही. आपल्या सुरसागरापेक्षा लहानच असावं. काठाला झाड नाही, फक्त गवत आणि दगड. पण पाण्यात अख्खा मॅटरहॉर्न उलटा उभा होता. टोकाजवळचं वाकडेपण, उजवीकडचा बर्फ, मागचा एक ढगाचा पुंजका, सगळं जसंच्या तसं. सकाळी लवकर यावं लागतं ते यासाठीच. ऊन चढलं, उतार तापले की वारा सुटतो, पाण्यावर लाटा येतात आणि शिखर मोडून जातं. पहिल्या पाळण्याने येणाऱ्यालाच ते पुरं दिसतं.

हे काठावर उकिडवे बसले होते. मी मागे उभी राहून त्यांच्या पाठीची हालचाल बघत होते. श्वास जरा भरभर चाललाय असं मला वाटलं. मी पर्समधून ऑक्सिमीटर काढला.

"बोट द्या."

"अगं, शिखर तरी बघ."

"आधी बोट द्या."

आकडा आला 92. घरी नेहमी 98 असतो. माझ्या पोटात गोळा आला. मी लेकीला म्हटलं, "झालं एवढं बस. पाळणा मागेच आहे. परत जाऊ."

ती म्हणाली, "आई, उंचीवर कमीच येतो."

"तू डॉक्टर आहेस का?"

"बाबांना काही होतंय का ते विचार ना."

"ते कधी सांगतात का?"

असं बरंच झालं. शेजारी एक जोडपं कॉफी पीत बसलं होतं, त्यांनी शहाण्यासारखं तोंड दुसरीकडे फिरवलं. हे उठले, माझ्या हातातून ते यंत्र घेतलं आणि माझ्याच बोटाला लावलं.

90.

लेकीने स्वतःच्या बोटाला लावलं. 93.

"आई, परत न्यायचं तर आधी तुला न्यायला हवं," ती म्हणाली आणि हसू लागली. मला हसू आलं नाही.

नंतर बडोद्याला आल्यावर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अडीच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण तीन चतुर्थांश असतो, त्यामुळे मैदानातून गेलेल्या माणसाचा आकडा थोडा उतरणं अपेक्षितच आहे. शिवाय बोटं गार असली तर यंत्र आणखी कमी दाखवतं. बघायचं ते माणसाकडे. छातीत दुखतंय का, बसल्या जागी धाप लागतेय का, डोकं दुखून उलटी येतेय का. असं काही झालं तर मात्र क्षणभरही न थांबता खाली उतरायचं. त्यांनी ते आधीच सांगितलं होतं, कागदावर लिहिलंही होतं. मी आकडा बघत बसले.

तळ्यापाशी मात्र तेव्हा हे सगळं कुणी समजावणारं नव्हतं. ह्यांनी ऑक्सिमीटर मिटवून माझ्या हातात ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "डॉक्टरांनी मला परवानगी दिलीय. तू अजून दिली नाहीस."

आणि ते वाटेला लागले. लेक माझ्याकडे बघत उभी राहिली. मग मीही निघाले.

दुसरं आणि तिसरं तळं

स्टेलिझेपासून ग्रिंडजिझेपर्यंत दोनशे मीटर उतार आहे. इथे काठ्या हव्यात. उतार सोपा वाटतो, पण सगळा भार गुडघ्यांवर येतो. दोन काठ्या असल्या की तो हातांवर वाटला जातो. उतरताना लहान पावलं टाकायची, गुडघा ताठ ठेवायचा नाही. लेकीने काठ्यांची उंची उतारासाठी थोडी वाढवून दिली, त्याचा फार उपयोग झाला.

वर फक्त गवत होतं. खाली येता येता झाडं सुरू झाली. लार्च नावाचं सूचिपर्णी झाड इथे फार आहे. देवदाराच्या घराण्यातलं, पण शरद ऋतूत याची पानं सोनेरी होऊन गळतात. ग्रिंडजिझे या झाडांच्या मधे लपलेलं आहे. काठावर पांढऱ्या कापसाच्या बोंडांसारखं गवत. इथेही पाण्यात मॅटरहॉर्न दिसतो, पण तो झाडांच्या चौकटीतून. मला स्टेलिझेपेक्षा हेच तळं जास्त आवडलं. कदाचित तिथे कुणाशी भांडले नाही म्हणूनही असेल.

पुढे वाट दरीच्या दुसऱ्या बाजूला जाते. मधे फिंडेल हिमनदीतून येणारा ओढा आहे. डावीकडे वर बघितलं की हिमनदी दिसते, आणि तिच्या खाली राखाडी दगडमातीचे लांबच लांब बांध. लेक म्हणाली, "एकेकाळी बर्फ या बांधांपर्यंत होता." आता तो पार वर सरकलाय. 2022 आणि 2023 या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडमधल्या हिमनद्यांचा मिळून दहा टक्के बर्फ वितळला. वर्तमानपत्रात वाचलं असतं तर पान उलटून पुढे गेले असते. तो रिकामा, ओरबाडलेला उतार समोर असताना तसं करता येत नाही. हे बराच वेळ त्या बांधाकडे बघत होते. आमची नात आमच्या वयाची होईल तेव्हा या ओढ्याला पाणी असेल का, असं त्यांनी विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही.

तिसरं तळं ग्रुनझे, म्हणजे हिरवं तळं. इथून मॅटरहॉर्नचं प्रतिबिंब दिसत नाही, म्हणून फोटोवाले फारसे थांबत नाहीत. खडकाळ जागा, मधून मधून जुनी वाकडी पाइनची झाडं, आणि पाणी इतकं स्वच्छ की तळाचा दगड न् दगड दिसतो. आम्ही इथे डबा उघडला. थेपले, लिंबाचं लोणचं, बडोद्याहून नेलेला लिलो चिवडा. दोन-तीन मुलं पाण्यात उतरली होती आणि थंडीने किंचाळत होती.

हे म्हणाले, "तुला एक सांगायचंय. रागावू नकोस."

"बोला."

"कमाटीबागेत मी दोन फेऱ्या मारत नाही. चार मारतो. वर्ष झालं."

मी थेपला तसाच हातात धरून बसले. "मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू त्या पण बंद केल्या असत्यास."

लेक उठून पाण्याजवळ गेली. ती शहाणी आहे.

मला राग आला होता, खोटं सांगत नाही. पण राग कशाचा ते कळेना. वर्षभर रोज सकाळी हे उशिरा यायचे आणि मी विचारलं की 'दूध घ्यायला थांबलो', 'कुणीतरी भेटलं' असं काहीतरी सांगायचे. साठी ओलांडलेला माणूस, चाळीस वर्षं संसार केलेला, चालायला जाण्यासाठी बायकोशी खोटं बोलत होता. आणि तशी वेळ त्याच्यावर मी आणली होती. ऑपरेशनच्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून जी भीती माझ्या मनात शिरली, ती ह्यांचा आजार बरा झाला तरी माझी बरी झाली नाही. त्यांच्या औषधांची वेळ मी एकदाही चुकवली नाही. माझ्या भीतीला औषध आहे का, हे मात्र कधी कुणाला विचारलं नाही.

मी फक्त एवढंच म्हटलं, "चार फेऱ्यांना किती वेळ लागतो?"

"पन्नास मिनिटं."

"बोलता येतं का चालताना?"

"येतं. पण बोलायला कोण असतं बरोबर?"

चौथं, पाचवं आणि तो चढ

ग्रुनझेपासून वाट पुन्हा झाडीतून खाली जाते आणि मोसजिझेला पोहोचते. हे खरं तर बांधलेलं तळं आहे, पाणी साठवण्यासाठी केलेलं. पण रंग बघाल तर विश्वास बसणार नाही. फिरोजी, आणि त्यात दूध ओतल्यासारखं. हिमनदी सरकताना खालचा खडक पिठासारखा दळते. ते पीठ पाण्याबरोबर येतं, इतकं बारीक की तळाशी बसतच नाही, पाण्यात तरंगत राहतं आणि उन्हात असा रंग दाखवतं. पहिल्या तळ्यांत हिमनदीचं पाणी येत नाही म्हणून ती आरशासारखी नितळ. एकाच वाटेवर, एकाच डोंगरात, तासाभराच्या अंतराने दोन प्रकारचं पाणी.

हे काठावर उभे राहून म्हणाले, "हा आपला दुधिया तलाव."

मला एकदम माचीची ती चहाची टपरी आठवली.

आता खरी गंमत. मोसजिझे ही वाटेवरची सगळ्यात खालची जागा, साधारण 2140 मीटर. पाचवं तळं, लायझे, 2232 मीटरवर. म्हणजे शेवटी शंभरेक मीटरचा चढ आहे. 'सगळा उतार' म्हणणाऱ्या लेकीने हे सोयीस्करपणे सांगितलं नव्हतं. दुपार झालेली, ऊन तापलेलं, सावली संपलेली. हे सावकाश, एका लयीत चालत होते. कारखान्यातला माणूस, यंत्रासारखा. मी पहिल्यांदा भराभर चढले आणि दहा मिनिटांत माझा डावा गुडघा बोलायला लागला.

मी थांबले. हे मागून आले.

"बोलता येतंय का?" त्यांनी विचारलं.

"येतंय की, न यायला काय..." आणि माझं वाक्य तिथेच तुटलं. धाप लागली होती.

"बस," ते म्हणाले. "वेग जास्त झालाय."

मी दगडावर बसले. त्यांनी पाण्याची बाटली उघडून दिली. अडीच वर्षं मी ह्यांच्या श्वासावर पहारा दिला आणि त्या भरात स्वतःच्या गुडघ्याकडे, स्वतःच्या दमाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. रोज सकाळी हे बागेत जायचे, मी घरी बसून ते कधी येतात याची वाट बघायची. चालण्याची सवय त्यांची टिकली होती. सुटली होती ती माझी.

बसल्या बसल्या समोर मॅटरहॉर्नवर ढगाची टोपी चढत होती. आम्ही दोघं काही न बोलता ती बघत राहिलो. लेक पुढे गेली होती, तिने वरून हात केला. पंधरा मिनिटांनी उठलो. ते पुढे, मी मागे, त्यांच्या पावलावर पाऊल टाकत. त्यांच्या वेगाने चढलं तर मला दम लागत नव्हता.

लायझेला नात धावत आली. चोळीसारखा ओला फ्रॉक अंगाला चिकटलेला, केसांतून पाणी गळत होतं. तिथे मुलांना खेळायला पाळणे आहेत, पाण्यात उतरायला जागा आहे, तराफाही आहे. मॅटरहॉर्न इथूनही पाण्यात दिसतो, पण मुलांच्या दंग्यात त्याचे सतत तुकडे होत होते. आम्ही बूट-मोजे काढून पाय पाण्यात सोडले. तिथून सुनेगाच्या स्थानकापर्यंत शेवटचा चढ पायी चढायची गरज नाही, एक छोटी लिफ्ट आहे. आम्ही तिच्यातूनच वर गेलो. सगळं चालूनच करायला हवं असा आमचा हट्ट नव्हता.

जाणाऱ्यांसाठी थोडं

ही वाट जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरअखेरपर्यंत चांगली. पाळणे कधी सुरू आहेत ते आधी बघून घ्यावं, कारण हंगामाच्या कडेला ते बंद असतात. एक दिवस हाती ठेवूनच जावं, म्हणजे ढगाळ असेल तर दुसऱ्या दिवशी निघता येतं. सकाळच्या पहिल्या पाळण्याने जावं. पूर्ण चालायचं नसेल तर स्टेलिझे बघून ब्लाउहेर्डला परतता येतं, किंवा ग्रिंडजिझेनंतर सरळ लायझेकडे वळून चढ-उतार दोन्ही वाचवता येतात. दुकानं वाटेत थोडीच आहेत, तेव्हा पाणी आणि डबा सोबत हवा. उंचीवरचं ऊन चटके देतं, टोपी आणि काळा चष्मा विसरू नये. प्रवास विमा काढताना डोंगरातून सुटका करण्याचा खर्च त्यात आहे ना, आणि आधीचा आजार सांगितलेला आहे ना, हे तपासावं. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. आणि त्यांनी हो म्हटलं तर मग घरच्यांनीही हो म्हणावं.

परत आल्यावर मी कमाटीबागेत जायला लागले आहे. माझ्या दोन फेऱ्या, ह्यांच्या चार. पहिल्या दोन आम्ही बरोबर चालतो आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पूर्ण वाक्यं बोलतो. बहुतेक वेळा भाजीबद्दल.

नवरात्राच्या आधी पावागडला गेलो. माचीला चहा घेतला, दोघांनीही. रोपवेने वर गेलो, दुधिया तलावापाशी थांबलो आणि देवीच्या पायऱ्या चढलो. गर्दी होती, सावकाश चढावं लागलं, ते बरंच झालं. ऑक्सिमीटर घरीच होता, देवघराच्या खणात. वर पोहोचल्यावर हे म्हणाले, "पुढच्या वर्षी माचीपासून पायी."

मी लगेच हो म्हटलं नाही. पण नाहीसुद्धा म्हटलं नाही. डॉक्टरांना विचारू, एवढंच म्हणाले.